दुसऱ्या प्रदेशाचं पारंपरिक जेवण आपल्या घरात खरंच रुजतं का? बाबांसाठी विचारतेय

पाऊलखुणा:
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या आणि वर म्हणाले की जेवण मेडिटेरेनियन म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचं करा, हृदयासाठी त्याच्याइतका अभ्यास दुसऱ्या फारशा कुठल्या आहाराचा झालेला नाही. सोबत एक छापील कागद दिला. त्यावर ऑलिव्ह ऑइल, फेटा चीज, ऑलिव्ह, सामन मासा, किन्वा, हमस (काबुली चण्याची चटणी), रोज मूठभर अक्रोड अशी यादी. आम्ही घाबरलेलो होतो, मी दुसऱ्याच दिवशी यादीतलं सगळं आणून ठेवलं.

पहिले पंधरा दिवस उत्साहात गेले. मग आई दोन स्वयंपाक करायला लागली, एक बाबांचा आणि एक बाकीच्यांचा. बाबा तक्रार करणाऱ्यातले नाहीत, पण जेवायला बसले की फेटा बाजूला सारायचे, ऑलिव्हची चव घेऊन परत ताटाच्या कडेला. एक दिवस म्हणाले, "मला चालेल गं सगळं, पण हे जेवण माझं वाटत नाही, आजाऱ्याचं वाटतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. साडेतीन महिन्यांनी हळूहळू सगळं बंद पडलं, आता पुन्हा जुन्यावर आलोय आणि परवाच्या रिपोर्टमध्ये एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल साधारण होतं तिथेच आहे.

आता प्रश्न. जादू त्या पदार्थांमध्ये आहे का ते ज्या पद्धतीनं एकत्र खाल्ले जातात त्यात आहे? त्या समुद्राकाठी न जन्मलेल्या लोकांनी हा आहार घेऊन त्यांना फायदा झालाय असं कुठे नीट तपासलंय का? आणि आपण आपल्या सोयीनं बदल करत गेलो तर कुठल्या टप्प्यावर तो "तो" आहारच राहत नाही? कुणी स्वतः केलं असेल किंवा या विषयात काम करत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला अजून एकदा प्रयत्न करायचाय पण बाबांना परत तसं एकटं पाडायचं नाहीये.

निळीशाई:
ताई, तुमच्या बाबांचं ते वाक्य वाचून पोटात कालवलं. आधी एक सांगते, त्या कागदावरचा किन्वा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला आहे आणि सामन उत्तरेकडच्या थंड पाण्यातला मासा. भूमध्य समुद्राकाठच्या जुन्या पिढीतल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात हे दोन्ही नव्हतं. म्हणजे तुम्ही साडेतीन महिने जे केलंत तो कुणाचाच पारंपरिक आहार नव्हता, ती कुणीतरी जुळवलेली खरेदीची यादी होती. बाबांना ते परकं वाटलं ते बरोबरच वाटलं.

मी नवऱ्याच्या कामामुळे दोन वर्षं ग्रीसच्या क्रीट बेटावर हानियाला राहिले. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, सगळे त्यांना यायया म्हणायचे म्हणजे आजी. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की त्या पिशवी आणि छोटी सुरी घेऊन डोंगराच्या उतारावर जायच्या आणि रानातला पाला खुडून आणायच्या. त्याला तिकडे होर्ता म्हणतात, एक भाजी नाही, दहा-बारा प्रकारचा पाला, बराचसा कडू. तो मीठ घातलेल्या पाण्यात उकडायचा, निथळायचा, वरून भरपूर ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू. भरपूर म्हणजे खरंच भरपूर, ताटलीत तळाला तेल साचायचं आणि ते जवाच्या कडक पावाने पुसून खायचं. हे तोंडीलावणं नाही हां, पुष्कळदा तेच जेवण. बाकी आठवडाभर मसूर, पांढरे बीन्स, पिवळ्या वाटाण्याची घोटलेली फावा, आणि भाज्या टोमॅटो-कांद्याबरोबर तेलात तासभर मंद शिजवलेल्या, त्यांना लादेरा म्हणतात (लादी म्हणजे तेल). मांस रविवारी. चीज असायचं पण चिमूटभर चुरून.

आणि उपास! हे त्या छापील कागदांवर कधीच नसतं. ऑर्थोडॉक्स चर्चचे सगळे उपास धरले तर वर्षातले १८० ते २०० दिवस होतात. बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि वर पवित्र आठवडा, ख्रिसमसच्या आधी, ऑगस्टमध्ये पंधरा दिवस. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज बंद. म्हणजे यायया जवळजवळ अर्धं वर्ष कडधान्यं, पाला, धान्य आणि फळं यावर असायच्या, आणि त्याला त्या डाएट म्हणत नव्हत्या.

पण मला तो काळ गोड करून सांगायला आवडत नाही. अॅन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतल्या साधारण १२,७०० मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास सुरू केला त्यात क्रीटमध्ये हृदयविकाराने मरणारे सगळ्यात कमी निघाले, तिथूनच हे बेट प्रसिद्ध झालं. जेवणातली जवळपास ४० टक्के ऊर्जा चरबीतून, बहुतेक ऑलिव्ह ऑइलची, तरी हृदय ठणठणीत. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९४८ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनने याच बेटाची पाहणी केली होती आणि तेव्हा लोकांना विचारलं तर बहुतेकांना आपलं जेवण अपुरं वाटत होतं, त्यांना मांस जास्त हवं होतं. युद्धातून बाहेर पडलेली गरीब माणसं होती, दिवसभर डोंगरात शेती, सगळीकडे पायी. यायया पण सांगायच्या की लहानपणी भूक लागलेली असायची. तेव्हा ते जेवण कुणी आरोग्यासाठी निवडलेलं नव्हतं.

आणि त्यांची नातवंडं? शाळेतून येताना चिप्स, कोल्ड्रिंक, पाकिटातले क्रोसाँ. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपातल्या पाहणीत लठ्ठ मुलांचं प्रमाण सायप्रस, ग्रीस, इटली, स्पेन या देशांत सगळ्यात वर होतं. त्याच मातीत जन्मून टिकलं नाही. त्यामुळे ते रक्तात वगैरे नसतं असं माझं ठाम मत झालंय, आणि म्हणूनच दुसरीकडच्या माणसालाही ते शिकता येईल असं मला वाटतं, फक्त बाटल्या आणि डबे आणून नाही.

उत्तरवारा:
मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो कारण त्याचं उत्तर बऱ्यापैकी आहे.

पहिलं उदाहरण फ्रान्समधल्या लिऑनचं. लिऑन म्हणजे लोणी आणि क्रीमचा स्वयंपाक. तिथे १९८८ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ६०५ जणांवर प्रयोग सुरू झाला, निम्म्यांना क्रीटच्या धर्तीवरचा आहार आणि बाकीच्यांना नेहमीचा वैद्यकीय सल्ला. गंमत इथे आहे की त्या पेशंटांनी ऑलिव्ह ऑइल एवढीच चरबी घरात ठेवायला नकार दिला. तेव्हा संशोधकांनी हट्ट धरला नाही, लोण्याच्या जागी रेपसीड म्हणजे कॅनोला तेलाचं मार्जरीन (लोण्यासारखं पावाला लावायचं) करून दिलं, कारण क्रीटच्या लोकांच्या रक्तात अल्फा लिनोलेनिक आम्ल (वनस्पतींतलं ओमेगा-३) जास्त सापडलं होतं आणि ते या तेलातून मिळतं. सरासरी २७ महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा अटॅक येण्याचं आणि हृदयाने मृत्यू होण्याचं प्रमाण या गटात सुमारे ७० टक्क्यांनी कमी. अभ्यास छोटा होता आणि लवकर थांबवला त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये, पण तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की सगळ्यात "मेडिटेरेनियन" मानली जाणारी वस्तू बदलली आणि तरी आहार चालला. तुमच्या बाबांसारखेच पेशंट होते ते.

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं, फिनलंड. निळीशाईंनी सांगितलेल्या त्याच सात देशांच्या अभ्यासात क्रीट एका टोकाला होतं आणि पूर्व फिनलंड अगदी दुसऱ्या टोकाला. उत्तर करेलिया नावाचा प्रांत, लाकूडतोडे, दूधदुभत्याचा धंदा, पावावर जाड लोणी, जेवताना सायीचं दूध, सगळ्यात मीठ. कामाला वाघ असलेली माणसं चाळिशी-पन्नाशीत जात होती. तिथल्या लोकांनीच सरकारकडे मागणी केली की काहीतरी करा आणि १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला, पेक्का पुस्का नावाचा तरुण डॉक्टर प्रमुख. त्यांना क्रीटचे आकडे माहीत होते पण ६२ अंश उत्तरेला ऑलिव्हचं झाड लावणार कुठे? मग त्यांनी ऑलिव्ह शोधलं नाही. त्या थंडीत येणारं रेपसीडचं पीक वाढवलं आणि लोण्याच्या जागी ते तेल आणलं. फळांच्या जागी तिथल्या जंगलातली बेरी, ब्लूबेरी, लिंगनबेरी, करंट, आणि काही दूध उत्पादकांना बेरीच्या शेतीकडे वळायला मदत केली. मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे तिकडे, त्यांनी गावोगावी एकत्र स्वयंपाक करून दाखवले, तिथलेच ओळखीचे पदार्थ पण चरबी कमी आणि भाज्या जास्त. सोबत सिगारेट आणि ब्लडप्रेशरवर पण काम झालं, सगळं श्रेय जेवणाला देणं बरोबर नाही. पण चाळीस वर्षांत कमावत्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले आणि कोलेस्टेरॉल खाली आल्याचा त्यात मोठा वाटा आहे.

तिसरं थोडक्यात. २००४ मध्ये कोपनहेगनला काही शेफ एकत्र आले, क्लाउस मेयर हा त्यातला पुढाकार घेणारा, आणि आपल्याच हवामानात पिकणाऱ्या गोष्टींवर नॉर्डिक स्वयंपाक उभा करायचा जाहीरनामा काढला. राय नावाचं धान्य, जव, ओट्स, कोबी, बीट, बेरी, हेरिंग मासा. पुढे कोपनहेगन विद्यापीठात पोट सुटलेल्या १८१ लोकांवर २६ आठवडे प्रयोग झाला, कॅलरी मोजायला सांगितल्या नव्हत्या, नव्या नॉर्डिक आहारावर सरासरी ४.७ किलो उतरले आणि नेहमीच्या डॅनिश जेवणावर १.५ किलो. मात्र प्रयोग संपून वर्ष झालं तेव्हा उतरलेलं बरंचसं वजन परत आलं होतं. ते परत का आलं हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. प्रयोगात साहित्य फुकट हातात येत होतं, पाककृती तयार होत्या. घरी गेल्यावर सगळं स्वतःला करायचं.

त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की चरबी कुठून येते, प्रथिनं कुठून येतात आणि ताटातला सगळ्यात मोठा भाग कशाचा आहे, या तीन जागा सांभाळल्या तर पदार्थांची नावं कितीही बदला. लोणी, साय, तूप-वनस्पती तूप वगैरेतली संपृक्त चरबी जास्त झाली की यकृतातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात आणि रक्तातलं एलडीएल वर जातं, त्या जागी द्रवरूप असंपृक्त तेल आलं की उलटं होतं. यकृताला ते तेल कुठल्या देशातलं आहे हे कळत नाही.

खडूफळा:
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

एक तर "पारंपरिक" हा शब्द म्हणजे आरोग्याचं सर्टिफिकेट नव्हे. उत्तर करेलियाचं लोणी-दूध-मीठ हे पण पारंपरिकच होतं आणि त्यानेच माणसं जात होती, उत्तरवारा दादांनी स्वतःच लिहिलंय वर. तेव्हा परंपरा शोधायची का मोजमाप बघायचं हे आधी ठरवा.

दुसरं, ज्या स्पॅनिश अभ्यासावर अर्धं जग बोलतं तो प्रेडिमेड. ७,४४७ लोक, २०१३ मध्ये छापला आणि २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला. काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे ते नीट पाडलेच नव्हते, एका घरातल्या सगळ्यांना एकच गट, एके ठिकाणी तर अख्ख्या गावाला एकच. दुरुस्त करून पुन्हा छापला, हृदयविकार-स्ट्रोक सुमारे ३० टक्क्यांनी कमी हा निष्कर्ष साधारण तसाच राहिला पण भाषा सौम्य करावी लागली. आणि तो स्पेनमध्येच झालेला, म्हणजे ज्यांची जीभ आधीच तयार आहे अशा लोकांवर.

परक्या भूमीवर नेलं तर ऑस्ट्रेलियात अॅडलेडला ६५ च्या पुढच्या लोकांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला, स्मरणशक्ती-बुद्धीवर काही फरक दिसला नाही, ब्लडप्रेशर किंचित उतरलं. वाईट नाही पण चमत्कार पण नाही. लोक चमत्काराच्या अपेक्षेने सुरू करतात आणि म्हणून चार महिन्यांत सोडतात असं माझं मत आहे.

दूरचा_पाहुणा:
खडूफळा, मुद्दे पटले, पण माणसाचं जेवण बदललं की शरीर बदलतं याचे पुरावे त्याहून थेट आहेत. ज्यांनी स्वतःचाच जुना आहार सोडला किंवा परत धरला त्यांच्याकडे बघा ना.

१९६० च्या दशकात जपानमधले, होनोलुलूचे आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जपानी पुरुष तपासले होते, वंश एकच. हृदयविकार जपानमध्ये सगळ्यात कमी, हवाईत मधला, कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त. उलट मेलबर्नला स्थायिक झालेले ग्रीक बघा, वजन जास्त, डायबेटिस जास्त, तरी हृदयाने मरणाचं प्रमाण तिथल्या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्यांपेक्षा कमी, आणि यातल्या पुष्कळांनी परसात आपला पाला-भाजी लावून जेवण जुन्या वळणाचं ठेवलं होतं.

आणि केरिन ओडी या संशोधिकेचं १९८४ चं काम मला विसरता येत नाही. वायव्य ऑस्ट्रेलियातले दहा डायबेटिक आदिवासी, शहरी जेवणावर असलेले, सात आठवडे आपल्या पूर्वजांच्या भूमीवर जाऊन शिकार, मासे, कंद, मध यावर राहिले. सरासरी आठ किलो वजन उतरलं आणि उपाशीपोटीची साखर जवळपास निम्म्यावर आली. सात आठवड्यात!

अगदी परक्याचं जेवण घेण्याचं उदाहरण हवं असेल तर २०१५ चा प्रयोग. अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले २० जण यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण खाल्लं. अमेरिकनांना भरपूर तंतुमय आणि कमी चरबीचं आफ्रिकन पद्धतीचं जेवण मिळालं, तर त्यांच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंकडून तयार होणारं ब्युटिरेट नावाचं आतड्याला उपयोगी आम्ल अडीच पट झालं आणि आतड्याची सूज कमी झाली. आफ्रिकेतल्यांना बर्गर-फ्राइज पद्धतीचं दिलं तर बरोब्बर उलटं. दोनच आठवडे, आणि नाती-गोती, हवा-पाणी काही बदललेलं नव्हतं.

पाऊलखुणा:
मी दुपारपासून तीनदा वाचलं सगळं. एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. लिऑनच्या पेशंटांनी ऑलिव्ह ऑइलला नाही म्हटलं आणि त्यांना कुणी रागावलं नाही हे वाचून मला बाबांची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं, आम्ही थोडं रागावलो होतो त्यांना.

एक कबूल करते, आम्ही ऑलिव्ह ऑइल नुसतं वाढवलं होतं. बाकी चरबी तशीच चालू होती, लोणी-चीज तसंच. म्हणजे बदललं काहीच नाही, वर भर पडली. एलडीएल का हललं नाही ते आता कळतंय.

दोन गोष्टी विचारते. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पालेभाज्या वाढवल्या तर चालतील का? आणि एक नातेवाईक सारखे सांगतात की रोज एक ग्लास रेड वाइन हा पण त्या आहाराचा भाग आहे, बाबा कधी पीत नाहीत.

रात्रपाळी:
मी कार्डिअॅक वॉर्डमध्ये नर्स आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्याच पण विचारताना काय विचारायचं ते सांगते.

"रक्त पातळ करायची गोळी" हा शब्द आपण दोन वेगळ्या औषधांना वापरतो. स्टेंटनंतर सहसा अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी गोळी असते, ती प्लेटलेटवर काम करते, पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाचा तिच्याशी संबंध नाही. वॉरफेरिन असेल तर मात्र आहे, ते औषध के जीवनसत्त्वाच्या विरुद्धच काम करतं, अचानक पाला दुप्पट केला तर औषधाचा असर कमी होतो आणि गुठळीचा धोका. तेव्हा सुद्धा पाला बंद करायचा नसतो, रोज साधारण सारखाच खायचा आणि प्रमाण वाढवायचं असेल तर आधी कळवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघत वाढवायचं. गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा आज.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं, सुकामेवा, टोमॅटो, पाला यात पोटॅशियम बरंच असतं, क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवून घ्या. ऑलिव्ह आणि फेटा मिठात मुरवलेले असतात, ब्लडप्रेशर असलेल्याला ते नाही मिळाले तर काही बिघडत नाही. आणि जेवण सुधारलं म्हणून स्टॅटिनची म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी मनाने सोडू देऊ नका. आमच्याकडे असे पेशंट परत येतात, मला ते बघवत नाही म्हणून ठळक सांगतेय.

वाइनचं स्पष्ट सांगते, नको. त्या जुन्या जेवणात होती, प्रेडिमेडमध्ये आहार किती पाळला ते मोजायच्या १४ प्रश्नांत तिला एक गुण पण होता, पण जो पीत नाही त्याने तब्येतीसाठी सुरू करावी असं आता कुठलीही जबाबदार संस्था सांगत नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सरळ म्हटलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. उरलेल्या १३ गोष्टी करा ना.

अर्धाचमचा:
स्वयंपाकाचं मी सांगते कारण तुमचं खरं अडलंय ते तिथे.

ताई, दोन स्वयंपाक पहिल्या दिवसापासून बंद. एकच पातेलं, सगळ्यांना तेच. आमच्याकडे सासऱ्यांसाठी सुरू केलं तेव्हा मी पण वेगळं करायचे आणि ते दोन घास खाऊन उठायचे, ज्या दिवसापासून सगळे तेच खायला लागलो त्या दिवसापासून प्रश्न मिटला. त्या भागात पण तसंच आहे की, युनेस्कोने २०१० मध्ये हा आहार सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवला तेव्हा पदार्थांची यादी नोंदवली नाही, पेरण्यापासून एकत्र बसून जेवण्यापर्यंतची सगळी रीत नोंदवली. एकटं बसून खायचं जेवणच नाही ते.

मग पुढचं. तुमच्या घरात आत्ता आठवडाभरात जे शिजतं ते एका कागदावर लिहून काढा आणि त्यात आधीच काय बसतंय ते बघा, पुष्कळ बसत असेल. मी असं केलं होतं की आठवड्यातून तीन जेवणं अशी ठरवली ज्यात मांस किंवा चीजच्या जागी कडधान्य असेल, आणि घरात ज्या पद्धतीनं ते केलेलं आवडतं त्याच पद्धतीनं केलं. मसाला आपला, फोडणी आपली. नवी चव आणायचीच नाही पहिल्या महिन्यात. लोणी-वनस्पती तूप जिथे जिथे जातं तिथे तेल, आणि जेवढं काढलं तेवढंच घालायचं, वर नाही. तेलाचं म्हणाल तर ऑलिव्ह परवडत असेल आणि आवडत असेल तर उत्तमच, त्यातले कडवट-तिखट लागणारे घटक पण कामाचे असतात, नाहीतर कॅनोला घ्या. रोज मूठभर सुकामेवा, खारवलेला नको, तो बिस्किटाच्या जागी म्हणजे चहाच्या वेळेला. प्रेडिमेडमध्ये रोज ३० ग्रॅम देत होते, निम्मे अक्रोड आणि बाकी बदाम-हेझलनट.

आणि निळीशाईंनी ती लादेरा सांगितली ना ती नक्की करा, ती कुणालाच परकी लागत नाही. कांदा-लसूण-टोमॅटो तेलात चांगला परतायचा, त्यात जी असेल ती भाजी मोठे तुकडे करून, झाकण, मंद आच, पाणी जवळजवळ नाही, भाजीच्याच पाण्यात तासभर. टोमॅटो तेलात शिजला की त्यातलं लायकोपीन (लाल रंग देणारा घटक) अंगी जास्त लागतं असं म्हणतात आणि तसं तपासलेलंही आहे. घाई केली तर चव येत नाही, तेल वर सुटलं की झालं.

खडूफळा:
अर्धाचमचा यांचं पटलं. मी वर चमत्कार नाही म्हटलं त्याचा अर्थ करू नका असा नव्हता हे सांगायचं राहिलं. माझ्या आईला स्ट्रोक झाला तेव्हा आम्ही सगळं एकदम बदललं आणि महिन्याभरात सगळं एकदम सोडलं, त्याची खंत आहे म्हणून जरा कडक लिहिलं गेलं.

पाऊलखुणा:
दोन महिन्यांनी परत येतेय, सांगायचं होतं.

गोळी क्लोपिडोग्रेलच निघाली, डॉक्टरांनी पाल्याला हरकत नाही म्हणून सांगितलं. घरात एकच स्वयंपाक चालू आहे. लोणी आणि चीज आई आता आणतच नाही, कडधान्याची जेवणं आठवड्यात चार झालीत, कुणी मोजत नाही. पहिला महिना नवं काहीच केलं नाही, अगदी अर्धाचमचा म्हणाल्या तसं, आणि बाबांना कळलंच नाही की डाएट परत सुरू झालंय. दुसऱ्या महिन्यात लादेरा केली. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि विचारलं की ही कुठली भाजी, तेव्हा मी त्यांना निळीशाईंच्या यायया सांगितल्या, डोंगरावरचा पाला, उपास, सगळं. खूप वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "मग तो पाला पण करून बघू की एकदा." रक्ततपासणी पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा आकडा कळेल.

तर निळीशाई ताई, होर्ता नक्की कशी करायची? आमच्याकडे कडू पाला मिळतो पण उकडला की काळपट आणि लगदा होतो.

निळीशाई:
अहो काय सुंदर बातमी! बाबांना माझा नमस्कार सांगा.

तुमचं चुकतंय ते पाण्यात. पातेलं मोठं घ्या, पाणी भरपूर आणि खळखळ उकळतं, मीठ अगदी बेताचं, बाबांसाठी नाही घातलं तरी चालेल. जाड देठं आधी टाका, दोन-तीन मिनिटांनी पानं. झाकण ठेवायचं नाही, झाकलं की रंग जातो. कोवळी पानं पाच-सात मिनिटांत होतात, जून असेल तर पंधरा, देठ बोटाने दाबून बघायचा. फार कडू असेल तर पहिलं पाणी ओतून दुसऱ्या उकळत्या पाण्यात घाला. निथळल्यावर पिळायची नाही, चाळणीत नुसती ठेवायची. तेल आणि लिंबू ताटात वाढल्यावर, भांड्यात नाही, लिंबू आधी घातलं की पाला काळा पडतो, तुमचा बहुतेक त्यानेच पडत असणार. कोमट खायची, गरम नाही. आणि ते उकडलेलं पाणी यायया टाकून देत नसत, कपात लिंबू पिळून पीत असत, बाबांना आवडलं तर द्या.